कंपनी

"सरकार परदेशातून कंपनी आणतंय. तिला इथं जागा लागणार," कुपवाडच्या माळावर जमलेल्या शेतकऱ्यांना साहेब सांगत होता. जमीन द्यायची नाही म्हणून सगळी भावकी अडून बसली होती. अंबूबाई मात्र गर्दीतून वाट काढत पुढं आली आणि सगळ्यांच्या आधी अंगठा उठवून मोकळी झाली.

तिचा दीर सयाजी कपाळाला हात लावून बसला. "वैनी, उद्या किस्नात लढाईवरनं आला म्हंजे त्याला कसायला काय दावणार तुमी?"

अंबूबाई नुसती हसली. एकुलता एक पोरगा लढाईवर गेल्यापासून ती अशी हसलेली सयाजीनं पाहिली नव्हती.

पायाभरणीच्या दिवशी माळावर मांडव घातला होता. मोटारीतून एक गोरा साहेब उतरला, त्याच्या गळ्यात हार पडले. अंबूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. साहेबाकडं तिनं बघितलंही नाही. ती मोटारीत डोकावली, मागच्या ट्रकाभोवती फिरली आणि सयाजीजवळ येऊन हळूच म्हणाली, "भावजी, कंपनी आली म्हणत्यात. मग पोरं कुटं उतरवली?"

"कंची पोरं, वैनी?"

"आवं, किस्नातच्या पलटणीतली. तुमीच म्हणाला हुता की, त्येची कंपनी परमुलखात अडकलीया, सरकार आणंल तवा यील."