सीता कोण?

सीता हे नाव तिसऱ्यांदा कानावर आलं, तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि न्हाणीघराच्या दाराला कान लावला. बाहेर बायको आणि खालच्या मजल्यावरची शिवणवाली यांची दबक्या आवाजात काहीतरी उजळणी चालली होती. ते बाहेर आले तशी बायकोनं वही मिटली. शिवणवाली त्यांच्याकडे बघून जरा जास्तच गोड हसली आणि निघून गेली.

"ही सीता कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. शब्द आहे इथला. भाषा शिकतेय मी."

त्यांचा विश्वास बसला नाही. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वेत तिकिटं तपासली होती. विनातिकीट माणूस तपासनिसाला बघून आधी खिडकीबाहेर बघतो. बायकोही खिडकीबाहेरच बघत होती. मुलीच्या नोकरीपायी ते दोघं या स्पॅनिश बोलणाऱ्या शहरात आले, त्याला दोन वर्षं झाली होती. इतके दिवस बायकोचं पाव आणि दूध या दोन शब्दांवर भागत होतं. मग चौसष्टाव्या वर्षी हे खूळ कुठून शिरलं?

शिवाय घरात काहीतरी शिजतंय, हे त्यांना कधीचं कळलं होतं. त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. घड्याळ पिठाच्या डब्यात निघालं. विचारलं की बायको म्हणायची, तुम्हीच ठेवलं असेल. दाराची किल्ली हल्ली तिच्याच पर्समध्ये असायची. ते कोपऱ्यावर निघाले की तीही चपला घालायची. आणि संध्याकाळी मुलगी कामावरून आली की बायको, दिवसभरात काही घडलंच नाही, असा चेहरा करायची.

दुपारी ती गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली. टॉवेलांच्या घडीखाली त्यांना वही सापडली. पानभर एकच शब्द, बायकोच्या गोल अक्षरात. 'उन सीता' खोडून 'उना सीता' केलेलं. बाजूला टीप, 'स्त्रीलिंगी आहे, विसरू नये'. मग 'तेंगो (माझी आहे) उना सीता' दहा वेळा. तळाशी, 'मंगळवार, अकरा'.

कोपऱ्यात शिवणवालीनं तोच शब्द तिच्या लिपीत लिहून दिला होता. त्यातली चार अक्षरं जुळवत त्यांनी मुलीच्या शब्दकोशात तो शोधून काढला. अर्थ दोन होते. पहिला, आधी ठरवून घेतलेली वेळ. दुसरा, प्रेमात पडलेल्या दोघांची भेट. त्यांची नजर दुसऱ्यावरच खिळली.

मंगळवारी बायको ठेवणीतले कपडे घालून निघाली, तर ते दारात आडवे उभे राहिले. मीही येणार, म्हणाले. ती नको म्हणेल, याची त्यांना खात्री होती.

"चला की. तुम्हाला यायचंच आहे," ती म्हणाली, आणि त्यांच्या शर्टाची वरखाली लागलेली बटणं नीट लावून दिली.

यानं त्यांचा संशय दुप्पट झाला. बसमध्ये ते एकेका पुरुषाचा चेहरा निरखत राहिले.

बस दवाखान्यापाशी थांबली. आत काचेमागे एक कारकून बाई बसली होती. बायकोनं ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिलं आणि एका दमात वाक्य टाकलं, तेंगो उना सीता. बाईनं काहीतरी विचारलं. बायकोनं नकारार्थी मान हलवली, "पारा मी मारीदो," म्हणाली आणि त्यांच्याकडे बोट केलं. मारीदो म्हणजे नवरा, एवढं त्यांनाही कळत होतं.

बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, मला काय झालंय? तिनं हळूच सांगितलं. गेल्या गुरुवारी तिचा डोळा चुकवून ते पाव आणायला गेले होते. परत आले आणि स्वतःच्याच इमारतीखाली दोन तास उभे राहिले. कुठल्या मजल्यावर जायचं, ते त्यांना आठवेना. शेवटी शिवणवालीनं हाताला धरून वर आणलं.

त्यांनी गुरुवार आठवून पाहिला. तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी बायकोचा चेहरा नीट निरखला. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

ते म्हणाले, "मुलीला सांगायचं होतंस. तिनं एका फोनवर सगळं केलं असतं. तुला एवढी घोकंपट्टी कशाला?"

"मग आतही तीच आली असती, दुभाषी म्हणून," बायको म्हणाली. "डॉक्टर काय काय विचारतात, ते शिकलेय मी. आज वार कोणता विचारतात. मुलीचं नाव काय, तेही विचारतात. तुम्ही अडखळलात, तर ते तिच्यादेखत नको."