सातवी पायरी

जुन्या आणि नव्या इमारतींच्या तुलनेसाठी ताई आणि मी शहरोशहरी जिने मोजत फिरत होतो. ताई टेप धरायची, मी वहीत मापं उतरवायचे.

पहिल्या शहरात तीनशे वर्षांच्या दगडी इमारतीत सातव्या पायरीला खळगा होता, डाव्या पावलाच्या आकाराचा. "लोकांच्या ये-जा करण्याने झिजलीय बिचारी," ताई म्हणाली.

दुसऱ्या शहरातला काचेचा मनोरा महिन्यापूर्वीच उघडला होता. तिथेही सातव्या पायरीला तोच खळगा, अगदी तेच माप. "कंत्राटदाराने जुना माल खपवला की काय!" ताई हसली. मला काही हसू आलं नाही.

तिसऱ्या शहरातली इमारत अजून बांधत होते. जिना जेमतेम सात पायऱ्यांचा, वर उघडं आभाळ. काँक्रीट सुकून टणक झालेलं. सातवीवर खळगा होताच.

टेप लावता लावता ताई थबकली. "अगं, बोटं आपल्याकडे आहेत. हा चढणारा पाय नाही, उतरणारा आहे."

"पण वर तर काहीच नाहीये."

ताईने माझ्या बुटांकडे पाहिलं. मी सहाव्या पायरीवर उभी होते.

"मग आता उजवा पाय कुठे पडणार?" तिने हळूच विचारलं.

माझ्या बुटाखालचं काँक्रीट दबायला लागलं.