तिसरी जागा

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि सातवीचे चारच जण मागे राहिले. दिनानाथ सरांनी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं, की मुंबईच्या उन्हाळी शिबिरात आपल्याला तीन जागा मिळाल्या आहेत.

चौघंही हुशार. म्हणून तर सर त्यांना दर शनिवारी थांबवून घेत, कोडी घालत, वादविवाद करायला लावत. असल्या मुलांना कसं शिकवावं याचं प्रशिक्षण ते पुण्याहून घेऊन आले होते. हुशार मुलाला गोंजारलं की ते बोथट होतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

मार्कांवरून नावं काढणं सोपं आहे, ते म्हणाले, पण त्यात तुमची बुद्धी कुठे लागते? तेव्हा प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, की चौघांपैकी कोणी जाऊ नये आणि का. चिडायचं नाही, रडायचं नाही. ज्याचा मुद्दा खोडता येणार नाही, त्याचं मान्य.

भालचंद्र उठला आणि रिटाचं नाव घेऊन बसला. ती गणितात कच्ची आहे, एवढंच त्याचं म्हणणं. तुळशीदासनेही रिटाचंच नाव घेतलं, पण बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. मग जिजा उठली. तिचे आईवडील मिठागरात कामाला होते आणि गणितात तिच्या जवळपासही कोणी नव्हतं. मला कोणाचंच नाव घेता येत नाही, असं ती म्हणाली. हे उत्तर नव्हे, म्हणत सरांनी तिला खाली बसवलं.

राहिली रिटा. ती आणि जिजा एकाच बाकावर बसत. शनिवारचा हा वर्ग संपला की जिजा रिटाबरोबर पापडीला तिच्या घरी जाई, तिथे जेवे आणि मग आपल्या गावची वाट धरी. शिबिरात दुर्बिणीतून शनीची कडी दाखवणार आहेत, हे रिटाने घरी, शेजारी, चर्चमधून येताना भेटलेल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

"दोघांनी तुझं नाव घेतलंय," सर म्हणाले. "तुझ्याकडे काही असेल तर बोल."

रिटा उभी राहिली. मग सरांनी शिकवल्याप्रमाणे, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

"शिबिरात मुलींनी एका खोलीत ओळीने झोपायचं आहे. जिजाला रात्री अंथरूण ओलं करायची सवय आहे. सणाला ती आमच्याकडे राहिली होती, तेव्हा मी स्वतः पाहिलं आहे. तिथे असं झालं तर शाळेला कमीपणा येईल. म्हणून जिजाने जाऊ नये."

कोणी हसलं नाही. भालचंद्र बोटाने बाकावरची शाई पुसत राहिला, ती कधीच वाळलेली होती. सर हातातला खडू फिरवत होते. तेवढ्या वेळात त्यांना काहीही म्हणता आलं असतं. त्यांनी जिजाला उभं केलं आणि हे खरं आहे का, असं विचारलं.

"हो, सर."

"मग याला तुझं उत्तर काय?"

जिजाने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"नेहमी नाय होत, सर."

"नाय नव्हे. नाही."

"नेहमी नाही होत."

नेहमी नाही याचा अर्थ कधीकधी होतं, हे सरांनी तिला समजावून दिलं. तेही शांतपणे, आवाज न चढवता. म्हणजे मुद्दा खोडला गेला नाही; रिटाचं कच्चं गणित मात्र शिबिरात सुधारता येईल. त्यांनी फळ्यावर तिघांची नावं लिहिली, त्यात शेवटचं रिटाचं. मग चांगला युक्तिवाद कसा असतो ते सांगितलं: आधी वस्तुस्थिती, मग परिणाम, मग निष्कर्ष, आणि कुठेही शिवी नाही. रिटाचा मुद्दाच उदाहरण म्हणून त्यांनी पुन्हा सावकाश सांगितला आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला. जिजानेही उतरवून घेतला. तिचं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. फाटकापाशी रिटाने जिजाला हाक मारली, पण फार मोठ्याने नाही. जिजा पापडीकडे वळली नाही. दप्तर छातीशी धरून ती सरळ मिठागरांच्या रस्त्याला लागली. वाटेत दोन गाई आडव्या आल्या, तर त्या जाईपर्यंत ती थांबली. तेवढ्यातही तिने मागे पाहिलं नाही.

रिटा घरी पोचली तेव्हा तिची आई क्लारा शिलाई मशीनवर बसली होती. जेवणाची दोन ताटं झाकून ठेवलेली होती. जिजा कुठे राहिली, तिने विचारलं. आज ती परस्पर घरी गेली, रिटा म्हणाली. आईला ते नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे, कारण ती कामात पार गढून गेली होती. जुन्या लुगड्याच्या दोन घड्यांमध्ये मेणकापड घालून ती गोधडी शिवत होती. वरून कोणाला काही कळणार नाही, रात्री कूस बदलली तरी वाजणार नाही आणि सकाळी नुसतं पुसलं की झालं, असं ती स्वतःवरच खूश होऊन सांगत होती. शिबिराला जायच्या आधी जिजाच्या हातात गुपचूप द्यायची. तिच्या आईला मिठागरातून उसंत कुठली.

"ये, जरा टोक धर," क्लारा म्हणाली. "मला एकटीला सरळ येत नाही."

रिटाने दप्तर उतरवलं आणि टोक धरलं.

"असं नको. ताणून धर."

रिटाने ताणून धरलं. मशीन पुन्हा चालू झालं.