लिहिलंय तसं

तालीम तिसऱ्या भागाशी आल्यावर नवऱ्याने वाजवायचा गज मांडीवर आडवा ठेवला आणि सांगून टाकलं, की इथली सुरावट व्हिओलाकडून काढून तो स्वतःच्या व्हायोलिनवर घेणार आहे. तिथे ती उठून दिसेल. लोकांच्या कानावर हे एकदाच पडणार. गाणं कुठे चाललंय ते त्यांना कळायला तर हवं.

"चालेल ना तुला?" त्याने तिला विचारलं. विचारलं म्हणजे, कागदावर खुणा करता करता विचारलं.

व्हिओला तिची. व्हायोलिनपेक्षा जरा मोठी, आवाजाला जाड, आणि काम मधल्या जागा भरण्याचं. ती नसली की काहीतरी कमी पडतंय एवढं लोकांना कळतं, काय ते सांगता येत नाही. लग्नाच्या आधीपासून ती चार वाद्यांच्या या चौकडीत मधल्या जागा भरत आली होती, आणि 'चालेल' म्हणत आली होती. आज तर ती कशालाही 'चालेल' म्हणाली असती. सकाळपासून सासूबाईंची आंघोळ, त्यांच्या चादरी, निघता निघता पुन्हा त्यांची हाक. शेवटी शेजारणीला बसवून ती बाहेर पडली होती. खांद्यात चमक भरली होती. शाळा सुटल्यावर भाड्याने मिळणाऱ्या चित्रकलेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या स्टुलावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वर्गाच्या बाईंची एकुलती एक खुर्ची, चेलो हे जमिनीला टेकवायचं मोठं वाद्य वाजवणाऱ्या आजोबांना दिली होती. ते काही कोणाचे आजोबा नव्हते. दाढीमुळे नाव पडलं होतं.

दुसरं व्हायोलिन तिच्या भाचीचं. हे संगीत तिनेच हुडकून आणलं होतं. लिहिणारी बाई जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. लग्नाआधी तिने चिक्कार लिहिलं, लोकांनी कौतुकही केलं. मग संसार, मुलं, नवऱ्याचं आजारपण. पन्नाशी उलटल्यावर तिने हे एवढंच लिहिलं, आणि ते तिच्या भावाच्या कागदांखाली एका ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहिलं. ते कधी कोणी वाजवल्याची नोंद नव्हती. भाचीने सगळा हिवाळा डोळे फोडून त्याची नक्कल उतरवली होती.

"काका, एवढं नका बदलू," भाची म्हणाली. "ती स्वतः व्हिओला वाजवायची. हा भाग तिने स्वतःसाठी लिहिलाय."

काका रागावले नाहीत. स्वतःसाठी लिहिणं वेगळं आणि लोकांपुढे वाजवणं वेगळं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. कार्यक्रम मिळवायचे त्यांनी, हॉलवाल्यांच्या विनवण्या करायच्या त्यांनी, गाडी हाकायची त्यांनी. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरही असायचं. लग्नाच्या इतक्या वर्षांनंतर बायकोच्या मते तीच तर पंचाईत होती.

"आधी लिहिलंय तसं वाजवू," ती म्हणाली. आपण बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "एकदाच."

आजोबांनी चेलो जवळ ओढला.

सुरावट अवघड नव्हती, पण लांब होती. श्वास टाकायला जागा नव्हती. एका वळणावर तिचं बोट घसरलं. आता कोणीतरी थांबवेल म्हणून ती वाट पाहत राहिली, पण कोणी थांबवलं नाही. आजवर ती दुसऱ्यांचं ऐकून त्यात आपला सूर बसवायची. आज टेकायला कोणी नव्हतं. तेच तीन सूर वर चढत होते, पोचण्याआधी खाली येत होते, पुन्हा निघत होते. त्यात रडणं नव्हतं, रुसवाही नव्हता. ही बाई दमलेली होती, एवढं तिला कळलं. दमल्यावरच बसून लिहिलंय हे. खांदा ठणकत होता, तरी गज थांबावा असं तिला वाटेना.

नवऱ्याच्या कागदावर एक लांब सूर होता, मग शांतता, मग पुन्हा एक लांब सूर. पहिल्यांदा तो लवकर घुसला. भाचीने पाहिलं तसा मागे सरला. दुसऱ्यांदाही लवकर आला. तिसऱ्यांदा घाबरून इतका थांबला की त्याची जागाच निघून गेली. मग सगळेच थांबले. आजोबा चष्मा पुसू लागले.

"मला इथे काही कामच नाहीये," नवरा म्हणाला. तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. स्वतःच्याच घरात दिव्याचं बटण सापडू नये, तसा तो गोंधळला होता.

"आहे की," ती म्हणाली. "मोजत बसायचं. आपली पाळी आली की हळूच यायचं, आणि कोणाला न कळता निघून जायचं."

"आणि मधल्या वेळात?"

"ऐकायचं."

काहीतरी विचारावं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मग त्याने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. सुरू करायची खूण नेहमी तोच करायचा. या खेपेला त्याने ती केली नाही, म्हणून तिने केली. जरा उशीरच झाला तिला. सूर लागला, आणि त्याच्या खालून, अगदी जवळून, तिला नवऱ्याचं पुटपुटणं ऐकू आलं. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.