पायी ॲमस्टरडॅम

"काकू, मागे या! तुम्ही कालव्यात उभ्या आहात."

उर्मिलाने खाली पाहिलं. चपला वाळूत रुतल्या होत्या आणि चहूकडे वाळूच होती. "बुडाले की हाक मारते तुला," ती म्हणाली आणि कालव्यातून तरातरा चालत पलीकडे गेली. तिचा नवरा मुरलीधर मात्र थबकला. सेल्समन शैलेंद्रने हाताने दाखवलं तिथे पूल होता. तो पुलावरून आला.

दुबईबाहेरच्या या वाळवंटात कंपनी हुबेहूब ॲमस्टरडॅम वसवणार होती. २००७ साली लोकांनी रांगा लावून कागदावरची घरं घेतली, त्यात मुरलीधरही होता. पुढच्या वर्षी बाजार आपटला. क्रेन गेल्या, मजूर गेले, उरला एकटा शैलेंद्र. घाबरून जो कोणी येईल त्याला तो अख्खं शहर पायी हिंडवून आणायचा आणि शेवटी एक कागद पुढे करायचा. सही केली तर बुकिंग चालू, हप्तेही चालू. नाही केली तर निम्मे पैसे परत.

उर्मिलाला ते निम्मे हवे होते. मुरलीधरची नोकरी गेली होती, व्हिसा संपत आला होता आणि लेकीला, केयाला, पुण्यात कॉलेजात घालायचं होतं. "एकदा घर बघतो, मग ठरवू," असं म्हणून मुरलीधर सकाळी दुबईतल्या अल मनखूलच्या भाड्याच्या घरून निघाला होता. आणि आता तो तिच्या डोळ्यांदेखत वाहवत चालला होता.

"हे चर्च. काका, जरा साइडला, ही सायकलवाल्यांची लेन आहे. आणि यल्ला, चला, ही तुमची गल्ली! थर्ड फ्लोअर, कॅनाल व्ह्यू."

मुरलीधर मान वर करून निळ्या आभाळात बघत राहिला. "जिना फार उभा दिसतोय रे. हिचे गुडघे..."

"तिकडची घरं अशीच असतात, काका. सवय होते."

"अहो, शुद्धीवर या! कसला जिना?" उर्मिला जिन्यातून आरपार चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पण त्याने खिशातून पेन काढलं होतं. ती गर्रकन शैलेंद्रकडे वळली.

"खरं सांग. दुसऱ्यांच्या गळ्यात मारतोस, तू स्वतः घेतलंयस का इथे घर?"

शैलेंद्रने खांद्यावरची बॅग सारखी केली.

"घेतलंय ना, काकू. स्टाफला डिस्काउंट होता. डोंबिवलीची खोली विकली." तो हसला. "चर्चच्या मागेच आहे. काकांनी सही केली तर मला शेजार होईल. एवढं आलात तर चहा घेऊन जा ना."

चर्चला रीतसर वळसा घालून ते निघाले. एका जागी शैलेंद्र थांबला. त्याने बूट काढले, मोजे बुटांत खोचले, जोड नीट कडेला लावून ठेवला आणि तापलेल्या वाळूवर तो अनवाणी आत गेला. बॅगेतून थर्मास काढत म्हणाला, "या ना, या. जरा पसारा आहे."

मुरलीधर त्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

"उर्मिला, खलास," तो हळूच म्हणाला. "पुण्याची तिकिटं काढ."

उर्मिला जिंकली होती. आता फक्त गाडीकडे वळायचं बाकी होतं. आत शैलेंद्र कपांत चहा ओतत होता. चटके बसत होते, म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता आणि तरीही पाहुण्यांकडे बघून हसत होता.

सकाळपासून भिंतींतून आरपार चालत आलेल्या उर्मिलाने दाराबाहेर चपला काढल्या.