मानधनाची कथा

चौदावं पाकीट परत आलं तेव्हा लेखकराव दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी पाकीट फाडलं, कथेची पानं बाहेर काढली आणि चौथ्या पानाचा कोपरा नखाने चाचपला.

"चिकटलेलंच आहे!" ते ओरडले. "मेल्यांनी वाचलंच नाही!"

"आधी दाढी तरी पुरी करा," बायको आतून म्हणाली.

लेखकराव हे नाव पाणीपुरवठा कचेरीतल्या मंडळींनी चेष्टेने ठेवलेलं. दिवसभर नळजोडणीचे अर्ज नोंदवायचे आणि घरी येऊन कथा लिहायच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. चार कथा छापून आल्या होत्या, चारही फुकट.

डिंकाची युक्ती त्यांची स्वतःची. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं आणि चौथ्या पानाची पाठ डिंकाच्या एका थेंबाने पाचव्या पानाला चिकटवायची. वाचणारा माणूस असेल तर अलगद सोडवील. नुसती पानं उलटणारा दोन्ही एकदम उलटून सहाव्यावर जाईल.

"ज्याने पाचवं पान वाचलं नाही, त्याने कथा वाचलीच नाही," ते म्हणायचे.

कारण सगळं पाचव्या पानावरच होतं. त्यांच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान बावीस वर्षांपूर्वी जळालं, चालू राहिलेल्या इस्त्रीने. कुलूप थोरल्या भावाने लावलं होतं, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. थोरला एक शब्द बोलला नाही. कात्री घेऊन घराबाहेर पडला तो पडलाच; पुढे त्याने स्वतःचं शिवणकामाचं दुकान काढलं. वडील गेले तेही त्याच्यावरचा राग घेऊन.

इस्त्री चालू ठेवली होती लेखकरावांनी. मॅच बघायची घाई होती, दुसरं काही नाही. पाचवं पान 'मी होतो' या दोन शब्दांनी सुरू होत होतं.

"अहो, एवढा खटाटोप कशाला?" बायको कितीदा तरी म्हणाली होती. "भाऊजींच्या दुकानात जा आणि तोंडाने सांगून टाका."

"तोंडाने जमलं असतं तर लेखक कशाला झालो असतो?"

आणि मासिक पैसे देणारंच हवं, याचं कारणही थोरलाच. एका लग्नात लेखकरावांनी त्याला आपली छापील कथा दाखवली होती. थोरल्याने अंक दोन बोटांत धरून परत दिला.

"पैसे दिले?"

"नाही."

"फुकट शिवलेला सदरा गिऱ्हाईक नीट घालतसुद्धा नाही. कोणी पैसे मोजून तुझं छापलं की वाचीन. शब्द दिला."

थोरल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून लेखकराव हात धुऊन पैसे देणाऱ्या मासिकांच्या मागे लागले. एकाने कळवलं, मानधन देण्याची आमची परंपरा नाही. दुसऱ्याने कथा स्वीकारली आणि सोबत दहा वर्गण्या जमवून देण्याची विनंती केली. तिसऱ्याचे संपादकच वारले होते. त्यांच्या पत्नीने कथा आशीर्वादासह परत पाठवली. "टकल्याच्या डोक्यात उवा शोधतोय मी," लेखकराव करवादायचे. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

पंधराव्या ठिकाणाहून मात्र पाकीट आलं नाही, पत्र आलं.

'आपली कथा एका बैठकीत वाचून संपवली. मन हेलावून गेलं. कानामात्राही न बदलता पुढच्या अंकात छापत आहोत. मानधन सोबत जोडले आहे. लेखकाची प्रत कोणत्या पत्त्यावर पाठवावी?'

"सुटला गं! डिंक सुटला!" लेखकरावांनी बायकोला स्वयंपाकघरातच गरकन फिरवलं. हातातला झारा खाली पडला.

पत्त्याच्या जागी त्यांनी थोरल्याच्या दुकानाचा पत्ता लिहिला. "मानधन मला, अंक दादाला. पहिला वाचक तोच. मीसुद्धा नंतर."

बायकोने पदराने डोळे पुसले. "देव पावला म्हणायचा."

अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते जोडे घालत असताना, फोन वाजला. बावीस वर्षांत थोरल्याने आपण होऊन कधी फोन केला नव्हता.

"वाचली," तो म्हणाला. मागे मशीनचा आवाज नव्हता.

लेखकरावांनी हातातला जोडा खाली ठेवला. "सगळी?"

"दोनदा."

"दादा, मला हे तोंडाने कधी..."

"ह्याचे पैसे दिले त्यांनी? खरंच?"

"हो. दिले ना, दादा."

"बरं. बाबा असते तर त्यांना बरं वाटलं असतं."

फोन बंद झाला. लेखकराव तिथेच खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

"काय म्हणाले?" बायकोने घाबरून विचारलं.

"बाबांना बरं वाटलं असतं म्हणाला. सुटलो गं मी."

एकच जोडा पायात आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोघंही हसली. मग ते कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे गेले. शेवटची प्रत उरली होती. सुटे पैसे परत घ्यायलाही न थांबता त्यांनी उभ्याउभ्याच कथा उघडली. संपादकाने शब्द पाळला होता. कानामात्रा, स्वल्पविराम, सगळं जिथल्या तिथे होतं. वाचत वाचत ते त्यांचं चौथं पान जिथे संपत होतं त्या ओळीवर आले.

'बावीस वर्षं गिळलेलं आज लिहितो. त्या संध्याकाळी इस्त्री चालू ठेवून जो निघून गेला, तो माझा थोरला भाऊ. आज तरी त्याने हे वाचावं, एवढीच इच्छा.'