ट्रान्झिस्टरची जागा

आईला न्यायला गाडी खाली येऊन उभी होती आणि धाकटी अजून शेवटची तार सोल्डर करत होती.

“आटप तुझं खेळणं,” दादा म्हणाला. “आईला काही कळत नाही. बोट हलतं ते नुसते आचके, डॉक्टरच म्हणाले.”

“कळतं तिला. आत्ता ऐकशील.”

धाकटी सिंथेसायझर दुरुस्त करायची. आई अंथरुणाला खिळली, वाचा गेली, तेव्हापासून धाकटीचं दुकान बंद होतं. एका जुन्या वाद्यातला ऑसिलेटर तिनं काढून आणला होता. चालू केला की तो एकच सूर अखंड काढत राहतो. तो सूर स्पीकरपर्यंत पोचू द्यायचा की नाही, हे ठरवणार ट्रान्झिस्टर नावाचा एक इवलासा भाग. आणि ट्रान्झिस्टरला हुकूम सोडायला आईच्या बोटाखाली, केसाइतक्या अंतरावर, दोन उघड्या तारा. नुसता स्पर्श पुरे. तपासून बघायला मात्र सवड नव्हती; दादा ठरल्यापेक्षा आधीच येऊन थडकला होता.

“आई, इथं माझ्यापाशी राहायचं असेल तर बोट टेकव. वाजेल. दादानं बघितलेल्या शुश्रूषा केंद्रात जायचं असेल तर टेकवू नकोस.”

धाकटीनं यंत्राचं बटण दाबलं. खोलीभर सूर घुमला.

दादाचं तोंड एवढंसं झालं. “म्हणजे... ऐकत होती की काय सगळं?” त्यानं बाहीला डोळे पुसले. “जिंकलीस बाई. गाडी परत पाठवतो.” तो जिना उतरून गेला.

“आई गं, सोड आता बोट. कान किटले,” धाकटी हसत म्हणाली.

सूर थांबेना.

तिनं वळून पाहिलं. आईचं बोट तारांवर नव्हतंच. औषध नको असलेलं पोर ओठ मिटून घेतं, तसं ते मुठीत मिटलेलं होतं.

धाकटीनं सर्किट पालथं करून जोडणी तपासली. दुकानात तिचं रोजचं काम नको असलेला सूर गप्प करण्याचं. घाईत हातानं सवयीचंच करून ठेवलं होतं. स्पर्श झाला की ट्रान्झिस्टर सूर स्पीकरऐवजी अर्थिंगकडे वळवणार. बोट टेकलं असतं, तर आवाज बंद पडला असता.

तिनं ती मूठ उलगडली, बोट तारांवर ठेवलं. सूर थांबला.

“राहायचंय ना गं माझ्याजवळ?”

आई धाकटीच्या कंबरेला आवळलेल्या पट्ट्याकडे बघत होती; आईला उचलून उचलून तिची कंबर धरली होती. मग बोट थरथरलं, आणि फार कष्टानं पुन्हा मुठीत गेलं. सूर सुरू झाला.

खाली गाडीचं इंजिन घुरघुरलं. धाकटी गप्प राहिली असती, तर कुणाला काही कळलं नसतं.

ती खिडकीशी धावली.

“दादा, गाडी जाऊ देऊ नकोस!” ती ओरडली. “आईला सगळं कळतं.”